थांबलेली पेशी

पाव फुगवायला मी जन्मभर यीस्ट वापरलं, पण ते एवढं शहाणं असेल असं वाटलं नव्हतं. लेकीने तिच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली, त्याची एक पेशी दाखवली. “दोन होता होता ही का थांबली गं?” “वाटणी करणाऱ्या धाग्यांनी एक गुणसूत्र अजून पकडलं नाही, आई. ते जागेवर आल्याशिवाय ती पुढे जात नाही.” माझा थोरला एक गुणसूत्र जास्त घेऊन जन्मला. खापर सासूबाईंनी माझ्या नोकरीवर फोडलं, नवऱ्याने नशिबावर, मी स्वतःवर. “मग माझी पेशी का नाही थांबली?” तिने माझा हात धरला. “कधीकधी नाही थांबत. तुझी चूक नाही त्यात.” डोळे पुसून मी तिच्याबरोबर बाहेर आले. बाकावर थोरला मांडीवरचा जेवणाचा डबा न उघडता बसला होता. “भूक लागली होती ना? खाऊन घ्यायचंस.” “तुम्ही दोघी अजून कुठे आल्या होतात?”