शेवटची पानं

"याचीही पानं गेली, निजामभाई," ओट्यावर चढत उषाबाई म्हणाल्या आणि वाचनालयाची कादंबरी त्यांनी बाजेवर ठेवली.

निजामोद्दीनभाईंनी चष्मा लावून पुस्तक मागून उघडलं. गोष्ट ऐन रंगात आली होती तिथंच संपली होती. शिवणीपाशी कागदाच्या दातऱ्या तेवढ्या उरल्या होत्या.

"मी तर वाचनालयात बद्रीनाथला पूर्ण देल्तं," ते म्हणाले. मग थोडा वेळ त्या दातऱ्यांवरून अंगठा फिरवत राहिले. "जाऊ द्या. बसा. गौहर, चहा टाक बेटा."

सुनेनं आतून हो म्हटलं.

वाटूरच्या वाचनालयात रहस्यकादंबऱ्या वाचणारे खरे म्हणजे दोघंच. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर निजामोद्दीनभाई आणि मास्तर नवऱ्याच्या माघारी एकट्या राहणाऱ्या उषाबाई. त्यातही माणसाच्या मनात शिरणाऱ्या, घरातल्या घरात संशय वाढवणाऱ्या कादंबऱ्यांवर दोघांचा जीव. नवं पुस्तक आधी भाईंकडं जायचं, मग बाईंकडं. गेल्या दिवाळीपासून या पुस्तकांची शेवटची पानं गायब व्हायला लागली होती.

"सांगा आता, कोण निघालं?" बाईंनी विचारलं.

"मेलेल्याची बायको. तीच तर सगळी गोष्ट सांगून राह्यली होती."

उषाबाईंनी कप खाली ठेवला. "हेच मला पटत नाही. दोन माणसं नुसती जेवायला बसतात आणि वाचताना आपल्या घशाला कोरड पडते, तिथवर हे लेखक मोठे. पण जिचं बोट धरून आपण चाललो तीच शेवटी गुन्हेगार? ही वाचकाशी बेइमानी झाली. आणि मागच्या पुस्तकातला तो डॉक्टर. लहानपणी आईनं कोंडून ठेवलं होतं, म्हणून मोठेपणी विष घातलं! कोंडून तर आम्हालाही ठेवायचे."

भाई हसले. "मला तर त्यातच मजा येती. जो बाजूच्या सीटवर बसला तोच निघाला पाहिजे. लांबचा चोर काय कामाचा?"

"तुम्ही ओळखलं होतं?"

"बाई, आख्खी नोकरी बिगर तिकिटाचे लोक चेहऱ्यावरून ओळखण्यात गेली."

"आणि सगळ्यांना खाली उतरवलंत?"

"न्हाई." भाईंनी चष्मा काढला. "एखादं एकटं म्हातारं माणूस असलं तर बघून न बघितल्यासारखं केलं. त्याला बी कुठं तरी जायचंच असतंय ना."

चहा संपला. बाई पुस्तक काखेत धरून घरी परतल्या.

घर म्हणजे दोन खोल्या. मुलगा नाशिकला, त्याचा फोन यायचा तो कोपऱ्यावरच्या दुकानात, तोही सणासुदीला. एका माणसासाठी चूल पेटवायची म्हणजे जिवावर येतं. सकाळची भाकरी संध्याकाळी चहात बुडवून खायची. मग वेळ घालवायला मांडणीवरचे डबे उतरवायचे, पुसायचे, खालचे कागद सारखे करायचे आणि पुन्हा ओळीनं लावायचे. दिवसचे दिवस कुणाशी शब्द बोलायची वेळ येत नसे. फार वाईट वाटायचं. कुणाच्या दारात उगीच जाऊन बसावं, तर विधवा बाईवर गाव डोळे लावून बसलेलं.

पुढच्या खेपेला बद्रीनाथनं पुस्तक देताना आवाज खाली आणला.

"बाई, रविवारी मंडळाची बैठक हाय. निजामभाईचं नाव कमी करायचं म्हनतेत. तुमच्या आधी पुस्तक त्यांच्याकडंच असतंय ना."

"भाई कशाला पानं फाडतील?"

"म्हातारा माणूस. लेक सौदीला, सून कामात. शेवट विचारायला तरी कुणी यावं म्हणून करत असंल."

"तसे नाहीत ते," त्या म्हणाल्या.

"मंग कोण?"

बाई पायऱ्या उतरल्या.

रविवारी वाचनालयात सतरंजी टाकली होती. अध्यक्ष काकासाहेबांनी फाटकी पुस्तकं समोर मांडली होती. भाई धुतलेला पांढरा सदरा घालून भिंतीला टेकून बसले होते. वाचनालय सुटलं तर या माणसाकडं काय उरणार, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं.

"निजामभाई, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे," काकासाहेब म्हणाले. "पण याचा खुलासा झालाच पाहिजे."

उषाबाई उठून उभ्या राहिल्या. हातात पदराचं टोक पिळलेलं. "काकासाहेब, मला थोडं सांगायचं होतं..."

"बाईंना कशाला तरास देता," भाई मध्येच म्हणाले. "मीच फाडली. माफी द्या."

भाईंनी बाईंकडं पाहिलंही नाही. खिशातून सभासदाचं कार्ड काढून त्यांनी काकासाहेबांपुढं ठेवलं. बाईंना मान वर करवेना. त्या होत्या तिथंच खाली बसल्या.

बैठक उठल्यावर भाई पायरीवर चपला घालत थांबले होते.

"आता नवं पुस्तक पहिलं तुमच्याकडंच येणार," ते म्हणाले. "मला तर मिळायचं न्हाई. शेवटापर्यंत सगळं तुम्हीच येऊन सांगत जा. बिलकुल काही सोडायचं न्हाई."

"लोक काय म्हणतील, भाई?"

"काय म्हनतील? पानं फाडणाऱ्या म्हाताऱ्याची दया आली बाईला, म्हनतील. येत चला."

ते निघाले. सावकाश, सडकेच्या कडेकडेनं. दिसेनासे होईपर्यंत बाई तिथंच उभ्या होत्या.

घरी येऊन त्यांनी दार लावून घेतलं, मांडणीवरचे डबे खाली उतरवले, वरचं वर्तमानपत्र बाजूला केलं आणि त्याखाली नीट अंथरून ठेवलेली शेवटची पानं एकेक करून पदरात गोळा केली.