फळी

मेरेआना आंटीच्या घराखाली पेंग्विनांनी उच्छाद मांडला होता. रात्रभराच्या कलकलाटाने तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. शेवटी गावाने त्यांच्यासाठी किनाऱ्यावर लाकडी खोपी बांधल्या. मग भर दुपारी, पेंग्विनांची जोडी मासे धरायला समुद्रात गेलेली पाहून, शेजारच्या हेमीने घराखालच्या भोकावर फळी ठोकली.

तरी एक पेंग्विन रोज तिन्हीसांजेला यायचा. नव्या खोपीकडे ढुंकूनही न बघता फळीवर चोच आपटत राहायचा.

“जुना भाडेकरू! घर सोडवत नाही बघ त्याला,” हेमी हसला. “तुला झोप लागते ना आता, आंटी?”

“लागते की. फळी ठोकल्यावरही आधी काही दिवस खालून बारीक चिवचिव यायची. परवापासून तीही बंद झाली.”

हेमीचं हसू विरलं. फळी काढायला त्याचा हात उठेना.