पंख्याचं लाल फडकं

ऊन डोक्यावर आलं तरी जयरामच्या पिंडाला कावळा शिवेना.

सायखेड्याच्या घाटावर कावळ्यांचा काही दुष्काळ नाही. समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते आणि नुसता कलकलाट करत होते. खाली उतरायला मात्र एकही तयार नव्हता. एरवी पिंड ठेवून हात मागे घ्यायचीही फुरसत देत नाहीत मेले!

चतुराबाईने नवऱ्याला शब्द दिला होता, पोरीला शिकवीन म्हणून. सासूने दिला, भावकीने दिला. धाकटा दीर बहिरू तेवढा पुढे आला नव्हता. तो वावरातून तसाच आला होता, खताचं जुनं पोतं घेऊन, आणि वरच्या पायरीवर लोकांकडे पाठ करून बसला होता. तोंड भिंतीकडे, पुढ्यात ते पोतं उघडं पडलेलं. सासूने त्याला हाक मारली तर चतुराबाई म्हणाली, राहू द्या, त्याला बघवत नाही.

जयराम विमानाचा मेकॅनिक. आपली फौज श्रीलंकेत गेली तेव्हा जवानांची ने-आण करायचा ठेका एका खाजगी कंपनीने घेतला, तो त्या कंपनीत होता. मागच्या आठवड्यात तिचं एक विमान समुद्रात पडलं. आतले जवान गेले, जयरामही गेला. दुसऱ्याच दिवशी कंपनीने सांगून टाकलं, मेकॅनिकने इंजिन नीट तपासलं नव्हतं. फौजेचं विमान असतं तर फौजेने कान धरला असता. ठेक्याच्या विमानाचा जाब कोणी कोणाला विचारायचा? मेलेला माणूस उलटून बोलत नाही, द्या ढकलून त्याच्यावर.

त्या विमानात गावचाच एक जवान होता, सुभेदार कोंडाजींचा एकुलता एक मुलगा. तेव्हापासून चतुराबाईच्या घरचं पाणी गावात कोणी प्यायलं नव्हतं. तिची पोर शाळेत बसली की बाजूच्या मुली बाक सोडून उठायच्या. नवरा गेल्याचं दुःख तिने कसंबसं गिळलं होतं, पण हे तिला गिळवत नव्हतं. आज कोंडाजी आले होते ते गावाची रीत म्हणून, आणि लांबच उभे होते. उद्या देवळालीला फौजेची चौकशी सुरू व्हायची होती. सुभेदारांना तिथं बोलावणं होतं.

कंपनीकडून रंगनाथ आला होता. लासलगावच्या कांद्याच्या आडत्याचा हा मुलगा, जयरामचा जुना मित्र. सातपूरच्या कारखान्यातून जयरामला विमानांकडे त्यानेच नेलं होतं. कंपनीची कुठली फेरी कधी सुटायची हे तोच ठरवायचा. सकाळी घरी आला तेव्हा म्हणाला होता, वहिनी, नशीब म्हणायचं, कावळा बसायला अन् फांदी मोडायला. चतुराबाईने त्याला काही विचारलं नव्हतं. चहा मात्र दिला होता.

गुरुजी कंटाळले. दर्भाचा कावळा करू आणि उरकून टाकू म्हणाले.

"नको," चतुराबाई म्हणाली. "खराच शिवंल. त्यांचा जीव कशात तरी आडकलाय."

मग ती पिंडाकडे बघून पुटपुटली, "थोडं थांबा धनी." तिने मान वर करून रंगनाथकडे पाहिलं, तसा सगळा घाटच त्याच्याकडे बघायला लागला.

रंगनाथला घाम फुटला. साहेब झाला तरी माणूस इथलाच. त्याच्या वडिलांच्या दहाव्यालाही कावळा असाच अडला होता, आणि चुलत्याला रान द्यायचा शब्द दिला तेव्हा कुठे शिवला होता. त्याने पुढे येऊन हात जोडले. घरच्यांना अंतर देणार नाही म्हणाला. कावळे ओरडतच राहिले. पोरीचं लग्न कंपनी करेल म्हणाला. एक कावळा उडाला, गिरकी घेऊन परत भिंतीवर बसला.

"त्यांना लग्नाची काळजी नव्हती, रंगनाथदादा," चतुराबाई हळूच म्हणाली. "त्या डाव्या इंजिनाची व्हती. मागल्या खेपंला आले तवा झोपंतबी तेच बडबडायचे."

रंगनाथ पिंडासमोर खाली बसला.

बोलला तो जयरामशीच. त्या सकाळी जयरामने डाव्या इंजिनाच्या पंख्याला लाल फडकं बांधलं होतं. विमान उडवायचं नाही, ही त्याची खूण. जवान खोळंबले होते. वरून निरोप आला, आज फेरी चुकली तर ठेका गेला. रंगनाथने स्वतःच्या हाताने फडकं सोडलं आणि पायलटला सांगितलं की मेकॅनिकनेच सोडलंय.

"तू भांडायला आलास तर मी म्हणालो, एवढी काळजी हाय तर तूच बस आत. आणि तू बसलास रे! जवान पोरांना एकटं कसं सोडू म्हणालास." रंगनाथने पुन्हा हात जोडले. "तुझी चूक नव्हती, जयराम. फडकं मी सोडलं. मी."

कोंडाजी पायऱ्या उतरून खाली आले.

"हे उद्या देवळालीत सांगशील?"

"सांगतो, सुभेदार. पिंडापुढं बोललोय. आता शब्द फिरवून जाऊ कुठं?"

चतुराबाईने पदर सारखा केला आणि वर पाहिलं. "भावजी, उठा आता."

बहिरू उठला. पोत्याचं तोंड आवळून मुकाट्याने बाभळींच्या पलीकडे निघून गेला. जरा वेळाने भिंतीवरून एक कावळा उतरला, मागोमाग दुसरा. सासू मोठ्याने रडायला लागली. रंगनाथने जमिनीला डोकं टेकलं. कोंडाजींनी सगळ्या गावादेखत चतुराबाईकडे तांब्याभर पाणी मागितलं आणि उभ्यानेच प्यायले.

पलीकडे नदीच्या कडेला बहिरूने पोतं उलटं केलं. मक्यावरची पाखरं भ्यावीत म्हणून वावरात टांगलेला आणि सकाळी वहिनीने आठवणीने आणायला सांगितलेला मेलेला कावळा त्याने गोदावरीत सोडून दिला.