काळ्या कागदातली नळी

प्रोफेसर फांतुत्सींनी काळा कागद सोडवला आणि नळी खिडकीशी धरली. "नुल्लो, हीसुद्धा फिकी पडलीय की!"

काचसामान धुता धुता नुल्लो थांबला. त्याच्या लेकीनं, आर्जियानं, वसंतात इथंच प्रोफेसरांच्या हाताखाली अल्कोहोलमध्ये क्विनोन नावाचं पिवळंधमक रसायन विरघळवून दोन नळ्या भरल्या होत्या, तोंडं वितळवून बंद केली होती. एक ठेवली बोलोन्याच्या उन्हात, प्रयोगशाळेच्या गच्चीवर. दुसरी काळ्या कागदात गुंडाळून फडताळात. गच्चीवरल्या नळीचा रंग महिन्याभरात उडाला. फडताळातली पिवळीच राहायला हवी होती. ते बघायला आर्जिया काही राहिली नाही. जुलैत तापानं गेली.

"म्हणजे ही करामत उन्हाची नव्हेच," प्रोफेसर हळहळले. "पोरगी चुकली रे. शोधनिबंधातून तिचं नाव काढावं लागणार."

"माझी आर्जिया चुकायची नाही."

"मग बंद फडताळात रंग खाल्ला कुणी? उंदरानं?"

नुल्लोनं ओले हात एप्रनला पुसले. प्रोफेसरांच्या हातून नळी घेतली आणि तिच्यावर डकवलेल्या चिठ्ठीवरच्या लेकीच्या अक्षरावरून, लेकीच्या नावावरून हलकेच अंगठा फिरवला.

"फडताळ लावलं की आतून 'बाबा' अशी हाक यायची, साहेब. म्हणून रोज दुपारच्या सुट्टीत हिला कागदातून काढून गच्चीवर घेऊन बसायचो. लहानपणापासून अंधाराला भ्यायची हो ती."