क्रमांक एकशे सतरा

घरून काम करणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यावर माझं संशोधन चाललंय. प्रश्नावलीची लिंक ओळखीपाळखीत सगळ्यांनाच पाठवली होती. आज क्रमांक एकशे सतराची उत्तरं उघडली. काम: वेळेच्या आधी पूर्ण. घरात माणसं: दोन. शेवटचं मनमोकळं बोलणं: आठवत नाही. खाली लिहिलं होतं, "मी नसलो तरी चार दिवस कुणाला पत्ता लागणार नाही."

घरातल्या त्या दुसऱ्या माणसाचे काय डोळे फुटलेत? नाव-नंबर आम्हाला दिसत नाहीत, पण एखाद्याच्या जिवाची भीती वाटली तर बटण दाबून थेट फोन लावता येतो. मी लगेच दाबलं. "उचल रे बाबा..."



भिंतीपलीकडे, नवऱ्याच्या बंद खोलीत, फोन वाजायला लागला.