भित्रीची सोय

मांजर इतकी घाबरट, की तिचं नावच भित्री पडलेलं. घराबाहेर तिने कधी पाऊल टाकलं नाही, आणि परकं माणूस दारात आलं की ती थेट पलंगाखाली शिरायची. राहायला आलेल्या नणंदेला आठवडाभर नुसतं शेपूट दिसलं होतं.

आता गावाला जायचं, तर मांजरीसाठी वरच्या मजल्यावरच्या बाईकडे किल्ली देणं भाग होतं. ती बाई आजवर कधी उंबऱ्याच्या आत आलेली बायकोने पाहिली नव्हती. तिचा काय भरवसा? दिवसभर कामावर राबून जोडलेला संसार होता. बायकोने कपाटांना कुलपं ठोकली आणि फळीवर कॅमेरा बसवला.

"शोभतं का हे?" घरूनच काम करणारा नवरा कुरकुरला. "भली बाई आहे ती."

"भली असेल तर दिसेलच की."

संध्याकाळी लॉजवर तिने मोबाइल उघडला. बाई आत आली, कपाटांकडे ढुंकूनही न बघता खाली बसली. "बघ, उगाच संशय घेत होतीस," नवरा मागून म्हणाला.

तेवढ्यात भित्री शेपूट ताठ करून धावत आली आणि त्या बाईच्या मांडीवर जाऊन पसरली.



मोबाइलवरची नजर न काढता बायकोने विचारलं, "कधीपासून?"