वाघ, शेळी आणि स्कूटर

"हिच्याबरोबर मी एक मिनिट एकटी राहणार नाही," द्रौपदीबाईंनी सुनेकडे बोट दाखवून जाहीर केलं. "नव्या घरात तर नाहीच नाही."

"मी तरी कुठे मरतेय?" सुलक्षणा म्हणाली. "आणि नलूवन्संबरोबरही मी थांबायची नाही. आधीच सांगून ठेवते."

"मला काय हौस आहे?" नणंद नलिनी फणकारली.

जयवंतने हातातली स्कूटरची किल्ली भिंतीवर फेकून मारली. नलिनीने मुकाट्याने किल्ली उचलून त्याच्या हातात दिली.

सामान सकाळीच टेम्पोने मुलुंडला गेलं होतं. घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या चाळीच्या खोलीत आता उरल्या होत्या ह्या तीन बायका आणि सुलक्षणाची एक पत्र्याची पेटी. दिवेलागणीच्या आत नव्या ब्लॉकमध्ये दूध उतू घालवायचं होतं. तिथे उंबऱ्यातच जुंपली असती, तर नव्या सोसायटीत जयवंत परबची पहिल्याच दिवशी शोभा झाली असती. तिघींना एका रिक्षात कोंबावं, तर भांडुप येईपर्यंत एकमेकींच्या झिंज्या उपटून झाल्या असत्या. आईला आणि नलीला वेगळ्या रिक्षाने धाडावं, तर घरातल्या बायका त्याच्याशिवाय कुठे गेलेल्या त्याला खपत नसत. उरली त्याची स्कूटर. मागे जागा एकीलाच.

नशीबच फुटकं, दुसरं काय! दिवसभर फॅक्टरीत साहेबाची बोलणी खायची आणि घरी यावं तर ह्यांचा कलगीतुरा. तोसुद्धा नेमका ज्या दिवशी त्याचं डोकं तापलेलं असेल त्याच दिवशी! आई सुनेला काहीतरी लागट बोलणार, सून उलट उत्तर देणार, मग आई तिला "चालती हो" म्हणून बाहेर काढणार आणि सुलक्षणा शेजारी धोंडूकाकांकडे काकीजवळ झोपायला जाणार. बायको असून हा एकटाच दात खात छताकडे बघत पडायचा. माणसाला राग येईल नाहीतर काय होईल? बरं, आईवर हात कसा उचलणार?

ब्लॉक घेतला तो ह्याच्यासाठीच. चाळीत भांड्याला भांडं लागलं की चार दारांतून डोकी बाहेर. धोंडूकाकांसारखे तर न बोलावता मध्ये पडतात. ब्लॉकचं दार लावलं की विषय संपला. आपलं घर, आपला कायदा.

"वाघ, शेळी आणि गवताचा भारा," द्रौपदीबाई पुटपुटल्या.

"काय?"

"लहानपणी कोडं घालायचे तुला. होडीत एका वेळी एकालाच न्यायचं. वाघाजवळ शेळी सोडली की वाघ तिला खाणार, शेळीजवळ गवत सोडलं की शेळी ते खाणार. जाऊ दे. तुला तेव्हाही सुटलं नव्हतं."

"कोण म्हणतं सुटलं नव्हतं?" जयवंत उसळला. तो उकिडवा बसला आणि त्याने फरशीवर तीन काड्या मांडल्या. "वाघ म्हणजे तू. त्यात शंकाच नाही. शेळी ही, हिचं तुम्हा दोघींशी वाकडं. हिला आधी न्यायची. मग तुला न्यायची आणि हिला परत आणायची."

"परत?" सुलक्षणाने विचारलं.

"मग काय, तिथे आईच्या तोंडी देऊ? परत आणायची. मग नलीला आईजवळ पोचवायची आणि शेवटी येऊन हिला न्यायची. सुटलं की नाही?"

"म्हणजे मी इथे रिकाम्या खोलीत एकटीच बसायचं?"

"बसशील! काय झिजणार आहेस?"

"डोकं आहे हो पोराला," द्रौपदीबाई म्हणाल्या. आईच्या तोंडून असं कौतुक त्याने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याचा पारा जरासा उतरला.

तेवढ्यापुरताच. आग्रा रोडवर ट्रकवाल्यांना शिव्या घालत त्याने सुलक्षणाला मुलुंडला नेलं, उजवं पाऊल आत टाकायला लावलं आणि बाहेरून कुलूप घातलं. मग आईला आणून सोडलं. सुलक्षणाला परत आणताना नाहूरजवळ ती एकच वाक्य बोलली.

"नलूवन्संना पोचवून यायला किती वेळ लागेल तुम्हाला?"

"का? ब्लॉकात राहायची घाई झाली?"



नलिनीला मागे बसवून निघताना त्याने गॅलरीतल्या धोंडूकाकांना हाक मारली. "काका, लक्ष ठेवा हिच्यावर!"

"ठेवतो की," काका म्हणाले.

शेवटच्या खेपेला तो चक्क शीळ वाजवत आला. खोलीचं दार सताड उघडं होतं. आत सुलक्षणा नव्हती. पेटीही नव्हती.

"काका! ही कुठाय?"

"गेली. भाऊ टॅक्सी घेऊन आला होता तिचा. कुर्ल्याहून एस.टी. धरून राजापूरला जायचीत. परत यायची नाही म्हणाली."

"आणि तुम्ही नुसते बघत बसलात?"

"बघत कुठला? पेटी मीच खाली नेऊन दिली."

जयवंतने दारावर लाथ घातली. म्हाताऱ्याकडे नंतर बघता आलं असतं. खऱ्या गुन्हेगार तिकडे मुलुंडला बसल्या होत्या. दोघींनी छळ छळ छळून त्याची बायको घालवली होती, त्याचं नाक कापलं होतं. सगळ्या रस्ताभर तो हेच घोकत, दातओठ खात स्कूटर पळवत राहिला.

ब्लॉकच्या मजल्यावर सगळी दारं बंद होती. त्याने आपलं दार ढकललं. द्रौपदीबाई नव्या ओट्यापाशी दुधाकडे बघत उभ्या होत्या. नलिनी त्यांना खेटून उभी होती.

"गेली ती!" तो किंचाळला. "तुझ्या भांडणांपायी माझं घर मोडलं! कायमची गेली!"

"गाडी गावली ना तिला?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

जयवंतचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"माझं तिचं कधीच वाकडं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "तू डोकं तापवून आलास की तुझा हात तिच्यावर पडायच्या आत मीच भांडण उकरून काढायचे, म्हणजे रात्रीपुरती तरी तिला धोंडूकडे धाडता यायची. इथे कुणाच्या दारात धाडली असती तिला?"